न पुकारलेल्या मुलीची आत्या

ताई,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या फ्लॅटमध्ये माणसं मावेनात. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. तुझ्या प्रयोगशाळेतल्या चिनी आणि तमिळ सहकाऱ्यांनीही आपल्याबरोबर हात जोडले. मग कुणीतरी मला म्हणालं, भाऊ म्हणून दोन शब्द बोला. मी उभा राहिलो, 'विशाखाताई' एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "इंजिन रूममध्ये ओरडून ओरडून याचा आवाज संपला." त्या दिवशी बोलायचं राहिलं ते आज लिहितो आहे.

तुझ्या पदव्या, तुझं संशोधन, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून तू सिंगापूरला कशी आलीस, हे सगळं इतरांनी सांगितलं. छान सांगितलं. मला फक्त माझ्या मितूच्या हॉकीबद्दल बोलायचं आहे. गेल्या तेरा-चौदा वर्षांत आपण बहीणभाऊ भांडलो ते जवळजवळ सगळं त्याच एका गोष्टीवरून.

मला ते कळलं तेव्हा मी जहाजावर होतो. आपली संघमित्रा, मितू, तेव्हा दहा वर्षांची. रजनीची शनिवारी दवाखान्यात ड्यूटी असायची, म्हणून शनिवारी मितू तुझ्याकडे जुरोंग ईस्टला असायची. मी फोन केला तर लेक आनंदाने म्हणाली, "बाबा, आय फेल डाउन नाइन टाइम्स." मी घाबरून विचारलं, कुठे पडलीस? "ऑन द आइस लाह," सिंगापूरच्या पोरांसारखं लाह लावून. मग तू फोन घेतलास आणि म्हणालीस, "काही नाही रे, इथल्या मॉलमध्ये बर्फाचं मैदान झालंय. थंड असतं, जरा बरं वाटतं तिला." हे पूर्ण खरं नव्हतं. तू दोन महिन्यांपूर्वीच तिचं नाव आइस हॉकीच्या वर्गात घातलं होतंस. रजनीला माहीत होतं. मी तेवढा एकटा समुद्रात होतो.

घरी आलो तर न्हाणीघरात माझ्या बॅगेपेक्षा मोठी एक बॅग आणि तिच्यातून येणारा वास. मी विचारलं, घरात काही मेलंय का? रजनी म्हणाली, "तुमच्या लेकीचे हातमोजे आहेत."

आपण भुसावळची माणसं, ताई. बर्फ आपण पाहिला तो लग्नात, लाकडाच्या भुशात गुंडाळून हातगाडीवरून आलेली लादी. आणि तू, जिला मे महिन्यातही कूलरचा वारा सोसायचा नाही, ती दर शनिवारी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून त्या मैदानाच्या काचेबाहेर बसायचीस, मांडीवर विद्यार्थ्यांचे प्रबंध घेऊन. मी पहिल्यांदा तुझ्याबरोबर आलो त्या दिवशी एका दांडगट पोराने मितूला कडेच्या फळीवर आदळलं. मुली पुरेशा नव्हत्या म्हणून ती मुलांतच खेळायची. मी ताडकन उठलो. तू माझा शर्ट धरून खाली ओढलास. "बस. ती उठते का ते बघायचं असतं." मी म्हटलं, आणि नाही उठली तर? "तर तिचे कोच आहेत ना आत. तू बुटांनी बर्फावर जाऊन काय करणार आहेस?" मितू उठली. उठून आधी पडलेली काठी शोधली, मग पक शोधला, तो काळा रबरी तुकडा ज्याच्यामागे सगळे धावतात. आपल्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी तिचे कोच, मिस्टर लिम, बाहेर येऊन तुझ्याशी बोलले. मी तिचा बाप म्हणून शेजारी उभा होतो, पण ते बोलत होते तुझ्याशी. पोरगी उशिरा शिकायला लागली, वेग बेताचा आहे, असं म्हणाले. परतताना मी खूश होऊन म्हटलं, बघ, तेच सांगतायत. तू म्हणालीस, "पुढचं ऐकलं नाहीस. पक कुठे येणार हे तिला इतरांच्या आधी कळतं, असंही म्हणाले." मी खरंच ऐकलं नव्हतं.

आपलं पहिलं मोठं भांडण पुलाउ उबीन बेटाच्या धक्क्यावर झालं. मितू पंधराची होती. कॅनडातल्या एका निवासी शाळेने तिचे व्हिडिओ बघून तिला बोलावलं होतं. त्या रविवारी आपण तिघं सायकली चालवायला उबीनला गेलो होतो आणि परतीच्या होडीची वाट बघत होतो. बारा माणसं जमली की ती होडी सुटते. आपण तिघं आणि एक वयस्क चिनी जोडपं, एवढेच होतो. म्हणजे भांडायला भरपूर वेळ होता.

मी म्हटलं, "दादांनी, आपल्या बापाने, आपल्याला काय म्हणून शिकवलं? रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटरकी करून, दोघांना इंजिनिअर, डॉक्टरेट केलं. आपल्या आजोबांना शाळेच्या बाहेर बसवत होते. आणि चौथ्या पिढीने काठी घेऊन बर्फावर नाचायचं?"

 तू म्हणालीस, "आजोबांना बाहेर बसवलं, म्हणून दादांनी आपल्याला आत बसवलं. बरोबर. पण आनंद, किती पिढ्या नुसतं आत बसायचं? तिला पाहिजे तिथे जाऊ दे ना. हेही शिकण्याचंच फळ आहे."

"आणि तिथे जमलं नाही तर?"

"तर परत येईल. विमानं दोन्ही बाजूंनी जातात."

आपले आवाज चढले होते. त्या चिनी आजींनी आपल्याला दोन संत्री देऊ केली, त्यांना वाटलं आपण भुकेमुळे चिडलोय. मितू पायऱ्यांवर बसून खेकडे बघत होती. तिने मध्येच मान न वळवता विचारलं, "मी काही बोलू का?" आपण दोघं एकदम म्हणालो, नको. होडीत बसल्यावर तू मला अर्धं संत्रं दिलंस. म्हणजे भांडण संपलं असं नव्हे, फक्त त्या दिवसापुरतं थांबलं. दोन महिन्यांनी मितू गेली. विमानतळावर मी तिला मिठी मारली आणि तुझ्याशी बोललो नाही.

ती शाळा, मग अमेरिकेतलं कॉलेज. तिथे ती बचावफळीत खेळायची आणि सोबत मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायची. हे दुसरं तुझ्यामुळे. तू तिला म्हणाली होतीस, "बाबाच्या जिवाला तेवढा आराम दे." मी तोवर जहाज सोडून हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसायला लागलो होतो. दुपारच्या जेवणाला तू कधी कधी मला भेटायला यायचीस आणि मितूच्या सामन्यांचं वर्णन करायचीस. मी जेवत असायचो. ऐकत नाहीये असं दाखवायचो. पण तिचा संघ, तिचा नंबर, तिचा डावा गुडघा दुखतो, हे सगळं मला पाठ होतं. हे तुला ठाऊक होतं का? मी कधी कबूल केलं नाही.

आता त्या सकाळबद्दल लिहितो. टाळत होतो.

मितूचं कॉलेज संपलं आणि ती सुट्टीला इथे आली होती. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या निवडीचा दिवस होता. त्यांच्याकडे वर्षातून एकदा सगळे संघ बसतात आणि आळीपाळीने एकेका खेळाडूचं नाव पुकारतात. ज्यांचं नाव पुकारलं, त्यांना दार उघडलं. बाकीच्यांना ते लोक अनड्राफ्टेड म्हणतात. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. तू तुझ्या फ्लॅटखालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून नासी लमाकच्या, नारळाच्या दुधातल्या भाताच्या, पुड्या आणल्या होत्यास आणि टीव्हीसमोर चटई घातली होतीस. रजनी, मी, तू सोफ्यावर, मितू चटईवर.

पहिल्या फेरीत तिचं नाव येणार नव्हतंच, ती स्वतःच हसत सांगत होती. दुसरी, तिसरी. तिच्या कॉलेजच्या दोघींची नावं आली तेव्हा तिने मनापासून टाळ्या वाजवल्या. चौथ्या फेरीनंतर ती बोलायची थांबली. शेवटच्या फेरीत प्रत्येक नावाआधी निवेदक क्षणभर थांबायचा, आणि मला आठवतंय, मी चक्क हात घट्ट धरून बसलो होतो. शेवटचं नाव आलं. कुणा दुसऱ्याच मुलीचं होतं. तिचे आईवडील पडद्यावर रडत होते.

मितू म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, आत्या." तुझीच समजूत घातली तिने.

आणि मी बोललो. मी म्हणालो, "बरं झालं. एक विषय संपला. तुझी डिग्री आहे, माझ्या ऑफिसात मी शब्द टाकतो. सोमवारी ये."

मितू हसली. "ओके, बाबा," म्हणाली आणि ताटल्या उचलून स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. तू माझ्या हातातली पुडी काढून घेतलीस, माझं जेवण अर्धं राहिलं होतं, आणि म्हणालीस, "आनंद, तू आता घरी जा." त्यानंतर चार महिने तू माझा फोन उचलला नाहीस. आपल्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब अबोला.

त्या चार महिन्यांत काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मितू सोमवारी माझ्या ऑफिसात आली नाही, ती तुझ्याकडे राहायला गेली. तुम्ही दोघींनी मिळून पत्रं लिहिली, जिथे बाईमाणसाची हॉकी चालते तिथे तिथे. स्वीडनमधल्या एका लहानशा गावाच्या संघाने होकार दिला. सकाळी बालवाडीत मदतनीस, दुपारी सराव, आणि खोली एका न्हाव्याच्या दुकानावर. तू त्या 'अनड्राफ्टेड'चं मराठीही करून टाकलंस. कुणी विचारलं की म्हणायचीस, "आमची न पुकारलेली स्वीडनला असते." अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं हा काहीतरी मोठा किताब आहे.

त्या वर्षी ती बर्फावर वेगळीच दिसायला लागली, हे तूच मला सांगितलंस. अबोला संपवून तू फोन केलास तो यासाठीच. "अरे, ती आता पक येण्याची वाट बघत नाही. ती आधीच तिथे जाऊन उभी असते. बघ तरी." मग मी बघायला लागलो. तुझ्या फ्लॅटवर रविवारी, लॅपटॉपवर. स्वीडिश निवेदक आपलं आडनाव तायडे ऐवजी 'टायडी' म्हणायचा आणि तू दर वेळी पडद्याला दुरुस्त करायचीस.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तुला तुझ्या आजाराचं कळलं. त्याच आठवड्यात मितूला अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाचं सराव शिबिराचं बोलावणं आलं. करार नाही, खात्री नाही, फक्त या आणि दाखवा. तू मला दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसवून सांगितलंस, "मितूला हे कळता कामा नये. कळलं तर ती इथे येईल, माझ्या उशाशी बसेल, आणि आम्ही दोघीही एकमेकींचा राग करू." मी शब्द दिला.

शिबिराच्या शेवटी संघात घेतलेल्यांची यादी लागली. पुन्हा तिचं नाव नव्हतं. पण जाऊ नकोस, राखीव म्हणून थांब, असं म्हणाले. राखीव म्हणजे सगळ्यांबरोबर सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी गॅलरीत बसायचं. ती थांबली. दोन महिने गॅलरीत बसली. मग त्यांच्या एका बचावपटूचा खांदा निखळला आणि मितूला दहा दिवसांचा करार मिळाला. ताई, दहा दिवस. आमच्याकडे जहाजावर स्वयंपाक्यालाही याहून मोठा करार असतो, असं मी म्हणालो तेव्हा तू इतकी हसलीस की नर्स बघायला आली.

त्याच संध्याकाळी मी शब्द मोडला. मितूला फोन करून सगळं सांगितलं. मला राहवलं नाही. तिने आधी विचारलं, "आत्या जेवते का?" आणि मग तिने तुला फोन लावला. तुमचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मला माहीत आहे ते दुसऱ्या दिवशीचं, तू माझ्यावर किती संतापलीस ते.

"शब्द दिला होतास."

"ती मुलगी माझी आहे, ताई."

"आणि आजार माझा आहे."

हे भांडण तसंच राहिलं. मी अजूनही म्हणतो, मी बरोबर होतो. तू न सांगता गेली असतीस तर तिने मला माफ केलं नसतं, आणि तुलाही नाही. तू म्हणशील, पण ती खेळली ना, आली नाही ना, मग तुझ्या सांगण्याने काय साधलं? साधलं ते एवढंच की ती माहीत असून खेळली. मला तो फरक मोठा वाटतो. तुझं उत्तर आता मला मिळणार नाही, म्हणून या एका भांडणात शेवटचा शब्द माझा. मला त्याची मुळीच मजा वाटत नाहीये.

तिचा पहिला सामना आपल्याकडे सकाळी आठला होता. तुला उशांना टेकवून बसवलं होतं. रजनीने रात्रपाळी करून आल्यावर कपडेही बदलले नव्हते. पहिला भाग संपला, मितू बाकावरच. दुसरा भाग अर्धा झाला आणि ती कठडा ओलांडून आत उतरली. जेमतेम एक मिनिटभर. पुन्हा बाकावर. तिसऱ्या भागात दोनदा. शेवटच्या खेपेला समोरच्या मुलीने पूर्ण ताकदीने फटका मारला आणि मितू तो अडवायला बर्फावर आडवी झाली. पक तिच्या पोटरीवर आदळला, तो आवाज लॅपटॉपमधूनही आला. मी उठलो नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, मी बसून आहे हे पाहिलंस, आणि मग पडद्याकडे वळलीस. ती उठली. निवेदिका म्हणाली, "तायडे." बरोबर म्हणाली, अगदी आपल्यासारखं. तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "आता मला थोडा चहा दे." चहा प्यायची परवानगी नव्हती. दिला.

दहा दिवसांनंतर आणखी दहा दिवस, आणि मग पूर्ण मोसमाचा करार. लीगच्या मधल्या सुट्टीत ती चार दिवस आली. मला वाटलं होतं रडारड होईल. तुम्ही दोघी पोटरीवरचा निळा डाग बघत बसला होतात. "माझ्याकडे काय बघतेस, हे दाखव," असं म्हणून तूच तिला पायजमा वर करायला लावलंस. ती जाताना तू तिला सांगितलंस, "मी गेल्यावर येण्याची घाई करू नकोस. सामना असेल तर खेळ." ती म्हणाली, "कॅन," म्हणजे चालेल. एवढंच. आपल्या घरात मोठमोठे निर्णय या एका शब्दावर झाले.

तू गेलीस त्या दिवशी सामना होता. ती खेळली.

परवा सगळे गेल्यावर मी तुझ्या सोफ्यावर बसून तिला फोन केला. म्हटलं, "मितू, त्या निवडीच्या दिवशी मी जे बोललो ना. बरं झालं म्हणालो ते."  दोन वर्षं झाली, मी ते वाक्य विसरलो नव्हतो. तुझ्यापाशीही मी त्याबद्दल कधी माफी मागितली नाही.

ती म्हणाली, "बाबा, आय नो. आत्याने मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की तुम्ही जहाजाच्या पहिल्या परीक्षेत दोनदा नापास झालात. आणि तिला पत्र लिहिलं की आता पुरे, दादांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी बघतो. ती म्हणाली, तुझा बाबा घाबरला की नोकरी शोधतो. त्याच्यावर रागावू नकोस. ही इज नॉट अगेन्स्ट यू, ही इज जस्ट स्केअर्ड." आणि वर, "शी ऑल्सो सेड, तिसऱ्यांदा पास झालात."

ते पत्र मी साफ विसरलो होतो, ताई. तिने सांगितल्यावर आठवलं. मुंबईच्या खलाशांच्या वसतिगृहात, ओल्या टॉवेलवर कोपर टेकवून लिहिलं होतं. तुझं उत्तर पोस्टकार्डावर आलं होतं, एका ओळीचं: परीक्षा परत दे.

तीस वर्षांत तू मला त्याची एकदाही आठवण करून दिली नाहीस. उबीनच्या धक्क्यावर एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. त्या सकाळी, मितूच्या देखत, माझी मान खाली घालायला लावता आली असती. ते तुझ्या हातात होतं, आणि तू ते वापरलंस एकदाच, तेही माझी बाजू मांडायला. वर चार महिने माझ्याशी बोलली नाहीस ते वेगळं.

पुढच्या गुरुवारी मी आणि रजनी अमेरिकेला निघतोय. मितूने तिकिटं पाठवली आहेत. पंधरा वर्षांची होऊन ती इथून गेल्यापासून मी तिचा एकही सामना मैदानात बसून पाहिलेला नाही, प्रत्येक पडद्यावर. रजनीने लोकरीचे मोजे काढून ठेवलेत. मितू म्हणाली, जागा काचेला लागून आहेत, जोरात आदळतं तिथे, बाबा, घाबरू नका. मी म्हटलं, घाबरेन. पण बसून राहीन.